वाक्य कळलं, कर्ज कळलं नाही: स्पेनमधल्या 'क्लाउसुला सुएलो' वादाने काय शिकवलं?

बाजारातले व्याजदर कोसळले, तरी गृहकर्जाचा हप्ता काही खाली येईना. २००९ नंतर स्पेनमधल्या अनेक कर्जदारांना हा अनुभव आला. त्याचं कारण करारातच लिहिलेलं होतं आणि त्याखाली त्यांची सहीसुद्धा होती.

विशेष म्हणजे ते वाक्य फारसं अवघड नव्हतं. तरीही स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी रद्द केल्या. असं का झालं? कागद वाचता येणं आणि कागद समजणं यांत नेमका काय फरक असतो?

ही अट काय होती?

स्पॅनिशमध्ये 'सुएलो' म्हणजे जमीन किंवा तळ. 'क्लाउसुला सुएलो' म्हणजे व्याजदराला तळ घालून देणारी अट.

स्पेनमध्ये बरीच गृहकर्जं बदलत्या व्याजदराची असतात. हा दर सहसा 'युरिबोर' या युरोपीय निर्देशांकाला जोडलेला असतो. समजा, तुमचा दर 'युरिबोर अधिक १ टक्का' असा ठरला आणि करारात ३.५ टक्क्यांचा तळ आहे. युरिबोर ०.५ टक्क्यावर आला, तर तुमचं व्याज १.५ टक्के व्हायला हवं. पण त्या अटीमुळे तुम्ही ३.५ टक्केच भरत राहता.

युरिबोर चढा होता तोवर ही अट कुणाला जाणवली नाही. २००८ च्या उन्हाळ्यात १२ महिन्यांचा युरिबोर ५ टक्क्यांच्या वर होता. २००९ संपेपर्यंत तो दीड टक्क्याच्याही खाली आला. तेव्हा लोकांना कळलं, की आपलं कर्ज नावालाच बदलत्या दराचं होतं.

न्यायालय काय म्हणालं?

एका ग्राहक संघटनेच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१३ रोजी निकाल दिला. न्यायालयाने तळाची अट मुळातच बेकायदा ठरवली नाही, तर पारदर्शकतेच्या दोन कसोट्या लावल्या.

पहिली कसोटी: अटीचे शब्द वाचता येण्यासारखे आणि समजण्यासारखे आहेत का?

दुसरी कसोटी: या अटीमुळे आपल्या खिशावर काय परिणाम होईल, हे सामान्य ग्राहकाला सही करण्याआधी कळू शकतं का?

या अटी पहिल्या कसोटीवर टिकल्या आणि दुसरीवर नापास झाल्या. कारणं अटीच्या भाषेत कमी आणि कागदाच्या मांडणीत जास्त होती. कर्जाचा खर्च ठरवणारी ही अट माहितीच्या प्रचंड गर्दीत ठेवलेली होती. तिच्या जोडीला व्याजाची कमाल मर्यादाही दिलेली असे, त्यामुळे ग्राहकाला काहीतरी संरक्षण मिळतंय असं वाटे. आणि दर घसरले तर हप्त्याचं काय होईल, याचं एकही उदाहरण दिलेलं नव्हतं.

युरोपच्या १९९३ च्या ग्राहक निर्देशानुसार करारातल्या अटी साध्या, समजणाऱ्या भाषेत असाव्या लागतात. ३० एप्रिल २०१४ रोजी हंगेरीतल्या एका कर्जाच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयानेही हाच अर्थ लावला: वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने स्पष्ट असणं पुरेसं नाही.

भाषातज्ज्ञांचं काय म्हणणं होतं?

कायद्याची भाषा सुधारण्यासाठी स्पेन सरकारने २००९ च्या अखेरीस एक आयोग नेमला. त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. आयोगासाठी लिखित कायदेशीर भाषेचा अभ्यास बार्सिलोना विद्यापीठाच्या भाषातज्ज्ञ एस्ट्रेया मोन्तोलिओ यांच्या नेतृत्वाखाली झाला.

या अभ्यासात काही दोष पुन्हा पुन्हा दिसले. अख्खा लांबलचक परिच्छेद म्हणजे एकच वाक्य. त्यात आपल्या 'लक्षात घेऊन', 'नमूद करत' यांसारख्या क्रियारूपांची माळ. शिवाय 'हुबिएरे', 'फुएरे' अशी क्रियापदांची जुनी रूपं. रोजच्या स्पॅनिशमधून ती केव्हाच गेली आहेत, कायद्याच्या कागदांत मात्र टिकून आहेत.

हे दोष वाक्यांचे आहेत आणि ते दुरुस्त करता येतात. तळाच्या अटीने त्यापुढचा प्रश्न दाखवला. वाक्य सोपं केलं, पण ते चुकीच्या जागी ठेवलं, तर वाचणाऱ्याला त्याचं महत्त्व कळत नाही. कारण कुणीही करार कादंबरीसारखा सलग वाचत नाही. आपण रक्कम, मुदत आणि हप्ता शोधतो, बाकीच्यावरून नजर फिरवतो. म्हणून कोणती माहिती आधी येते, कोणती ठळक दिसते आणि कशाचं उदाहरण दिलं जातं, हाही भाषेचाच भाग ठरतो.

पैसे परत मिळाले का?

सुरुवातीला अर्धवट. अर्थव्यवस्थेवर मोठा ताण येईल असं सांगत स्पेनच्या न्यायालयाने ९ मे २०१३ च्या आधी भरलेलं जादा व्याज परत देण्यास नकार दिला. २१ डिसेंबर २०१६ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही तारखेची मर्यादा युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवली. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचं जादा व्याज मागण्याचा मार्ग खुला झाला. पुढच्याच महिन्यात सरकारने कोर्टाबाहेर दावे निकाली काढण्यासाठी खास प्रक्रिया आणली.

नियम कसे बदलले?

२०१३ च्या एका कायद्याने तळाच्या अटीसारख्या कर्जांत ग्राहकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं असं ठरवलं: मला धोक्याची कल्पना दिली आहे. पण सांगितलेलं वाक्य उतरवून काढणं म्हणजे समजणं नव्हे.

२०१९ च्या गृहकर्ज कायद्याने बदलत्या दराच्या गृहकर्जात व्याजाला तळ घालायलाच बंदी केली. शिवाय पुढील गोष्टी बंधनकारक झाल्या:

• सर्व कागदपत्रं सहीच्या किमान १० दिवस आधी ग्राहकाच्या हातात देणं.
• व्याजदर बदलले तर हप्ता किती होईल, हे दाखवणारा स्वतंत्र कागद देणं.
• सहीच्या आधी ग्राहकाने नोटरीला भेटणं. तिथे मोफत सल्ला मिळतो आणि कागदपत्रांवर एक छोटी चाचणीही द्यावी लागते.

२०२४ मध्ये स्पेनच्या बचावाच्या हक्काच्या कायद्यात न्यायालयीन कागदपत्रांत स्पष्ट भाषा मिळण्याचा हक्कही नोंदवला गेला.

थोडक्यात

'वाचून सही केली' याचा अर्थ 'समजून सही केली' असाच धरला जायचा. समजावण्याची जबाबदारी कागद लिहिणाऱ्यावरही असते, हे या वादाने ठळक केलं. मोठा करार समोर आला, तर प्रत्येक अटीला एक प्रश्न विचारून बघा: परिस्थिती बदलली तर या ओळीमुळे मला किती पैसे भरावे लागतील? त्याचं उत्तर आकड्यात मिळत नसेल, तर शब्द कितीही सोपे असले तरी तो कागद तुम्हाला अजून समजलेला नाही.