आस्क्याच्या तळ्याकांठीं

मराठींत 'शोध' हा शब्द मोठा सोयीचा आहे. शोध घेणें आणि शोध लागणें या दोन निरनिराळ्या गोष्टींना तो एकच पुरतो. आणि म्हणूनच कीं काय, पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच, असें आपण सहज धरून चालतों. भूगोलाच्या इतिहासांत तर ज्यांना कांहीं लागलें त्यांचींच नांवें राहतात. आइसलंडच्या अंतर्भागांतील आस्क्या नामक ज्वालामुखीकडे इ. स. १९०८ सालीं जी एक लहानशी तुकडी गेली, तिला जें हवें होतें तें मिळालें नाहीं. तरीहि त्या प्रवासाची हकीकत सांगण्याजोगी आहे, असें मला वाटतें.

आपला सह्याद्रि ज्या काळ्या पाषाणाचा घडला आहे, बहुतांशीं त्याच जातीच्या पाषाणाचें आइसलंड हें बेट आहे. भेद इतकाच कीं, आपला पाषाण निवून साडेसहा कोटींच्या आसपास वर्षें लोटलीं, आणि तेथला अद्यापि अधूनमधून वाहत असतो. लोकवस्ती सारी किनाऱ्यालगत आणि तेथून आंत शिरलेल्या दऱ्याखोऱ्यांत. मधला प्रदेश उजाड. त्यांतहि बेटाच्या ईशान्येकडील ओदाउदाह्रोइन हें मैदान सर्वांत भयाण. या नांवाचा अर्थ 'दुष्कृत्यांचें लाव्हाक्षेत्र' असा आहे. समाजानें हांकून दिलेले गुन्हेगार तेथें लपून राहतात, अशी जुनी समजूत होती. वास्तविक तेथें चोरालाहि राहवणार नाहीं. पडलेलें पाणी सच्छिद्र खडकांत मुरून जातें, गवताची काडी उगवत नाहीं, आणि घोड्यांचा चारा घोड्यांच्याच पाठीवर लादून न्यावा लागतो.

या मैदानाच्या दक्षिण अंगाला आस्क्या आहे. आस्क्या म्हणजे पेटी. करंडा म्हटलें तरी चालेल. पोटांतील रस निघून गेल्यावर डोंगराचा माथा आंत खचतो आणि भोंवतीं कड्यांचें कडें राहतें. तसें हें सुमारे ४५ चौरस किलोमीटरांचें खोलगट पात्र आहे. १८७५ च्या मार्च महिन्याच्या २८ व २९ तारखांस येथें जो स्फोट झाला, त्याची राख वाऱ्याबरोबर नॉर्वे-स्वीडनपर्यंत जाऊन पडली. आइसलंडच्या पूर्व भागांतील कुरणें राखेखालीं गेलीं, जनावरांना चारा उरला नाहीं, आणि अनेक कुटुंबें घरदार सोडून अमेरिकेच्या वाटेला लागलीं. त्याच उन्हाळ्यांत विल्यम लॉर्ड वॉट्स हा इंग्रज प्रवासी वात्नायोकुल्ल ही विस्तीर्ण हिमनदी पायीं ओलांडून येथवर आला. पुढील वर्षीं योन्स्ट्रुप या डॅनिश भूगर्भशास्त्रज्ञाच्या मंडळीनें त्या जागेचा नकाशा केला. त्या नकाशांत पाणी आहे, पण तें एका लहानशा तळ्यापुरतें. जमीन मात्र खचतच राहिली आणि पाणी पसरत गेलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या तळ्याचें सुमारे ११ चौरस किलोमीटरांचें सरोवर झालें होतें. त्याची खोली २०० मीटरांहून अधिक आहे. कांठाशींच कोमट, दुधाळ पाण्याचें एक वाटोळें विवर आहे. त्याचें नांव वीती, म्हणजे नरक.

तीस वर्षांचें सरोवर! आपल्याकडे गांवच्या विहिरीचें वयहि यापेक्षां अधिक असतें. ज्याचे कांठ अद्याप बसावयाचे होते, ज्याच्या भिंतींवरून उन्हाळ्यांत बर्फ वितळूं लागलें कीं दगड सुटून खालीं येत, अशा या पाण्यावर १९०७ च्या जुलै महिन्यांत दोन माणसें एक कापडी होडी घेऊन उतरलीं.

त्यांतला एक वाल्टर फॉन क्नेबेल. हा तरुण जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ १८८० चा जन्मलेला. गुहांच्या शास्त्रावर त्याचा एक ग्रंथ आदल्या वर्षींच प्रसिद्ध झाला होता, आणि आइसलंड त्यानें पूर्वीं एकदां पाहिलें होतें. दुसरा माक्स रुडलोफ, चित्रकार. छायाचित्रें निघूं लागलीं होतीं, तरी खडकांचे रंग टिपावयाला अद्याप कुंचलाच लागत असे; म्हणून शास्त्रज्ञांच्या मोहिमेंत चित्रकार ही तेव्हां चैन नव्हती. तिसरा सोबती हान्स श्पेटमान, हाहि भूगर्भशास्त्राचाच अभ्यासक. ता. १० जुलै रोजीं श्पेटमान आपल्या कामासाठीं तळापासून दूर गेला होता. परत येऊन पाहतो तों तंबू जागच्या जागीं, आणि दोघे सोबती व होडी नाहींशीं! वाटाडे पूर्वींच घोडीं घेऊन माघारीं गेले होते. ते परत येईपर्यंतचे दिवस त्या तरुणानें त्या करंड्यांत एकट्यानें काढले. पुढें उत्तर किनाऱ्यावरील आकुरेरी गांवाहून मदत आली, कांठ धुंडाळले गेले. प्रेतें मिळालीं नाहींत.

अशा वेळीं जें सर्वत्र होतें तेंच येथेंहि झालें. कोणी म्हणाले, टोंकदार दगडांनीं होडीचें कापड फाटलें असेल. कोणी वादळाला दोष दिला, कोणी कडा कोसळल्याचें बोलले. आणि जो जिवंत राहिला त्याच्याविषयींहि कुजबुज सुरू झाली. तिला कसलाहि पुरावा कधीं मिळाला नाहीं. परंतु कुजबुज पुराव्यावर जगत नसते. श्पेटमाननें पुढें १९१३ सालीं आस्क्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या ठिकाणानें त्याच्या नांवाला संशयाची छाया लाविली, त्याच ठिकाणाचें वर्णन इतक्या चिकाटीनें करावयाला बसणें सोपें नसावें.

क्नेबेलचा विवाह ठरलेला होता. त्याची वाग्दत्त वधू इना फॉन ग्रुम्बको त्याच्याहून वयानें मोठी, पस्तिशीच्या घरांतली होती. वृत्तपत्रांतून आलेले तर्क वाचीत बर्लिनमध्यें बसून राहणें तिला मानवलें नाहीं. ती जागा आपल्या डोळ्यांनीं पाहावयाची, होईल तेवढा शोध करावयाचा, असें ठरवून १९०८ च्या उन्हाळ्यांत ती आइसलंडला निघाली. शास्त्रीय बाजू पाहण्यासाठीं तिनें बरोबर हान्स रेक हा अवघा बावीस वर्षांचा भूगर्भशास्त्रज्ञ घेतला. आकुरेरीच्या सिगुर्दुर सुमारलिदासोन यानें वाटाड्याचें काम पत्करलें.

दुःखानें व्याकुळ झालेली स्त्री वेडाच्या भरांत रानोमाळ निघाली, असें या प्रवासाचें चित्र रंगविण्याचा मोह अनेकांना झाला असेल. मला तें चित्र खरें वाटत नाहीं. वेडाच्या भरांत माणूस भूगर्भशास्त्रज्ञ बरोबर घेत नाहीं, दिवसांचा हिशेब करून चारा लादीत नाहीं, हिमनद्यांच्या थंडगार प्रवाहांत घोडा घालण्यापूर्वीं उतार कोठें मिळेल याची चौकशी करीत नाहीं. शिवाय, वर्ष उलटून गेल्यावर दोघे जिवंत सांपडतील अशी आशा तिला असणेंच शक्य नव्हतें. जिवंत माणसाला शोधावयाला धैर्य लागतें तें निराळें, आणि तो मेला हें पुरतें ठाऊक असतां केवळ कसा मेला हें जाणण्यासाठीं निघावयाला लागतें तें निराळें.

ऑगस्ट महिन्यांत ती तुकडी आस्क्याला पोंचली. दिवसांमागून दिवस कांठ तपासण्यांत गेले. पण २०० मीटर खोल पाण्याच्या तळाशीं काय आहे, हें पाहण्याचें साधन त्या काळीं त्यांच्यापाशीं नव्हतें. कांहीं सांपडलें नाहीं. शेवटीं सरोवराच्या कांठीं दगडांचा एक चौथरा रचून त्या दोघांचें स्मारक उभारण्यांत आलें. त्याला आजहि क्नेबेलच्याच नांवानें ओळखतात. रुडलोफचें नांव मात्र लोकांच्या जिभेवर राहिलें नाहीं. चित्रकाराच्या वांट्याला मृत्यूनंतरहि दुसरेंच स्थान आलें.

याच प्रवासांत ता. १३ ऑगस्ट रोजीं रेक आणि सिगुर्दुर हे दोघे हेर्दुब्रेद नांवाच्या पर्वतावर चढले. १६८२ मीटर उंचीचा, चोहोंकडून तुटलेल्या कड्यांचा हा पर्वत तोंवर दुर्गम समजला जाई, आणि त्याच्या माथ्यावर मनुष्याचें पाऊल पडल्याची ही पहिलीच नोंद आहे. गिर्यारोहणाच्या इतिहासांत १९०८ ची ही मोहीम स्मरली जाते ती या एका दिवसाकरितां. तळ्याकांठच्या दिवसांना तेथें एक ओळ मिळाली तरी पुष्कळ. इनानें मात्र स्वतःचें प्रवासवर्णन लिहिलें. 'ईसाफोल्ड' या नांवाचें तें पुस्तक १९०९ सालीं बर्लिनला प्रसिद्ध झालें.

आस्क्या त्यानंतरहि स्वस्थ बसला नाहीं. विसाव्या शतकांत तो अनेक वेळां पेटला. त्यांतला शेवटचा उद्रेक १९६१ चा. १९६५ व १९६७ सालीं चंद्रावर जाण्याची तयारी करणारे अमेरिकन अंतराळवीर दगडांची ओळख करून घेण्यासाठीं तेथें येऊन गेले. परंतु क्नेबेल-रुडलोफ प्रकरणाशीं ज्याचा संबंध लावतां येतो असा प्रसंग घडावयाला २०१४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं ता. २१ जुलै रोजीं रात्रीं अकरानंतर सरोवराच्या आग्नेय बाजूचा कडा सुटला. सुमारे २ कोटी घनमीटर दगडमाती घसरली, आणि तिच्यापैकीं अर्धी-अधिक नसली तरी अर्ध्याच्या जवळपास पाण्यांत गेली. उसळलेल्या लाटा सर्व कांठांवर आदळल्या. बहुतेक ठिकाणीं पाणी २० ते ४० मीटर वर चढलें, आणि एखाद्या जागीं तर ८० मीटरांपर्यंत. दिवसा त्या कांठावर उन्हाळ्यांत प्रवाशांची गर्दी असते. त्या रात्रीं तेथें कोणी नव्हतें, म्हणून जीवहानि टळली.

१९०७ मध्यें असेंच घडलें, असें म्हणावयाला आधार नाहीं. तितका मोठा कडा कोसळता तर श्पेटमानच्या लक्षांत आल्यावांचून राहता ना. पण कापडाची होडी उलटवावयाला एवढ्या प्रलयाचें कारणच काय? शंभरपट लहान दरड, किंवा भिंतीवरून सुटलेल्या वाऱ्याचा एक झोत, आणि बर्फासारखें गार पाणी, एवढें पुरे झालें असतें. ज्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं माणसाच्या हाताचा संशय घेतला, त्यांनीं त्या डोंगराला फारच गरीब समजलें, इतकें तरी आतां म्हणतां येतें.

इना आणि रेक यांचा विवाह १९१२ सालीं झाला. तीं दोघें लागलीच पूर्व आफ्रिकेंत तेंदागुरु येथें प्राचीन सरटांचे अस्थिपंजर उकरण्याच्या कामावर गेलीं. तेथेंहि तिनें तंबूंतलें आयुष्य पत्करलें. १९१३ त रेकनें ओल्डुवाई दरींत जो मानवी सांगाडा काढला, त्याचा वाद पुढें बरीच वर्षें गाजला. पण विवाहाच्याच वर्षीं, १९१२ त, रेकनें आणखी एक काम पुरें केलें होतें. आइसलंडवरील एका ग्रंथाचा आराखडा क्नेबेल मागें ठेवून गेला होता. रेकनें तो हातीं घेतला, त्यांत स्वतःची भर घातली, आणि मुखपृष्ठावर क्नेबेलचें नांव पहिलें घालून तो छापविला.