पाणी न घालण्याची कला

लव्हेंडर म्हटले की आपल्याला साबणाची वडी आठवते, नाहीतर पावडरचा डबा, आणि मागोमाग एखादी मडम. हे इंग्रजांचेच झाड, असा आपला पक्का समज. बागवालेही त्याला ‘इंग्लिश लव्हेंडर’ म्हणतात. पण बँकेत उमेदीची वर्षे काढलेला माणूस खात्यावरच्या नावाला भुलत नाही. तो आधी मूळ पत्ता बघतो. या झाडाचा मूळ पत्ता आहे भूमध्य समुद्राकडचे डोंगर. खडकाळ जमीन, रणरणते ऊन आणि कोरडा ठणठणीत उन्हाळा.

असे झाड आपल्या घरी आले की मायेने मरते. आपल्याकडे माया म्हणजे पाणी! सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. त्या मायेत मुळे कुजतात. शिल्लक नाही म्हणून बंद पडलेली खाती पुष्कळ असतात. भरणा जास्त झाला म्हणून बुडालेले खाते हे असे एकच.

हा पत्ता नीट वाचला तो बेथ चॅटो या इंग्लिश बाईंनी. एसेक्समधल्या एल्मस्टेड मार्केट गावी त्यांनी 1960 साली बाग सुरू केली. कोणते झाड मुळात कुठल्या मातीत उगवते, याचा त्यांच्या यजमानांनी, अँड्र्यू यांनी, जन्मभर अभ्यास केला होता. म्हणजे बाग बाईंची आणि खतावणी यजमानांची! इंग्लंडात सदा पाऊस, असे आपण ऐकतो. पण इथे वर्षाला पडतो सुमारे 500 मिलिमीटर. आपले पुणेसुद्धा यापेक्षा जास्त भिजते.

त्या काळी दुष्काळ पडला की तिकडे बागेत पाइपने पाणी घालायला बंदी येई. 1991-92 च्या हिवाळ्यात बाईंनी मोटारी उभ्या करायची जुनी जागा बागेसाठी घेतली. जमीन म्हणजे नुसती वाळू आणि खडी. वाफ्यांची वळणे आखायला त्यांनी रबरी पाइप जमिनीवर अंथरले. लव्हेंडरसारखी काटक झाडे लावली आणि ठरवले, की एकदा रुजली की पाणी बंद. पाइपाचे काम आखणीपुरतेच! बाई 2018 साली गेल्या, वयाच्या 94 व्या वर्षी. बाग अजून आहे, आणि पाण्यावाचूनच फुलते आहे.

आता तुम्ही म्हणाल, साहेबाच्या बागेचे आम्हांला काय? तर लव्हेंडरचे एक चुलत भावंड आपल्या सह्याद्रीत राहते. जॉन ग्रॅहॅम यांच्या मुंबईकडच्या वनस्पतींच्या यादीत, 1839 साली, त्याची ‘लॅव्हंड्युला गिब्सोनाय’ अशी नोंद झाली. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग सांभाळणाऱ्या अलेक्झांडर गिब्सन यांचे हे नाव. नाव साहेबाचे, पत्ता मात्र आपला.

परदेशी लव्हेंडर लावायचेच असेल, तर खाली भोक असलेली मातीची कुंडी घ्या. निम्मी वाळू-खडी घाला, भरपूर ऊन द्या आणि पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली सरकवा. रोप रुजले, की माती चांगली सुकल्याशिवाय तांब्या उचलू नका. हात फारच शिवशिवले, तर शेजाऱ्यांच्या तुळशीला घाला. शेजारीही खूश होतील आणि लव्हेंडरही जगेल.