दीर्घलहरींवरील कालसंकेत व सूर्याचा क्षोभ

तिथि व वार यांचा मेळ बसल्यावांचून कागद अस्सल मानूं नये, हा आपल्या संशोधनाचा जुना दंडक आहे. घटका-पळांपर्यंत खोल जाण्याचा प्रसंग आपणांवर क्वचित् येतो. परंतु गेल्या शंभर वर्षांत एक दफ्तर असें निर्माण झालें आहे कीं, त्यांत सेकंदाच्या दशलक्षांशाची नोंद सांपडते, आणि त्या नोंदींतील फरक कित्येक वेळां कारकुनाच्या हातून झालेला नसून प्रत्यक्ष सूर्यानें केलेला असतो. बिनतारी दीर्घलहरींवरून पाठविलेल्या कालसंकेतांचें तें दफ्तर होय. या संकेतांविषयीं दोन समज प्रचलित आहेत. सूर्यक्षोभाचा उपद्रव लघुलहरींनाच होतो, दीर्घलहरी त्यापासून अलिप्त राहतात, हा एक. आणि घड्याळानें संकेत घेतला नाहीं कीं सूर्याकडे बोट दाखवावें, हा दुसरा. पुरावा तपासतां दोन्ही टिकत नाहींत, असें आमचें मत झालें आहे.

आरंभ मुंबईपासून करूं. कुलाब्याची वेधशाळा कंपनी सरकारनें १८२६ सालीं उभारली ती ज्योतिषवेधांसाठीं व बंदरांतील जहाजांस नक्की वेळ मिळावी म्हणून. चुंबकमापन तेथें १८४१ पासून सुरू झालें. तात्पर्य, वेळ व चुंबक यांच्या वह्या एकाच आवारांत लिहिल्या जात होत्या. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन यांनीं सूर्यावरील एका डागसमूहांत अकस्मात् पांढरा झोत पाहिला. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर जें चुंबकी वादळ झालें, त्याची कुलाब्याची नोंद आज जगांत बहुमोल गणली जाते. त्सुरुतानी, गोन्झालेस, लाखिना व अलेक्स यांनीं २००३ सालीं ती प्रसिद्धीस आणली. तींत आडवें चुंबकबळ सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं, म्हणजे मुंबईच्या नेहमींच्या बळाच्या सुमारें चार टक्क्यांनीं, खालीं आलेलें दिसतें. पुढें विजेच्या ट्रामगाड्यांचा अडथळा येणार म्हणून हें काम अलिबागेस नेण्यांत आलें. बिनतारी यंत्र १८५९ सालीं नव्हतें. म्हणून लहरींवरील परिणामाविषयीं ही वही साक्ष देत नाहीं. पण पुढील प्रत्येक साक्ष ज्या मापानें मोजावयाची तें माप अशाच वह्यांनीं तयार केलें.

पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून कालसंकेत १९१० सालीं नियमित सुरू झाले. इंग्लंडांतील रग्बी येथील प्रचंड केंद्र १ जानेवारी १९२६ रोजीं चालू झालें. त्याची लहर सेकंदास १६ हजार आवर्तनांची, म्हणजे पावणेएकोणीस किलोमीटर लांबीची होती. १९ डिसेंबर १९२७ पासून ग्रीनिचची वेळ तिच्यावरून जाऊं लागली. पांच मिनिटांत ३०६ ठोके पडत. मिनिटास साठ न पडतां एकसष्ट. ऐकणारानें आपल्या घड्याळाचा ठोका संकेताच्या ठोक्याशीं नेमका कोठें जुळतो तेवढें पाहावें, म्हणजे सेकंदाचा शंभरावा हिस्सा नुसत्या कानानें हातीं लागे. जंत्रीकारांनीं हेवा करावा अशीच ही युक्ति आहे.

दीर्घलहरींविषयींचा पहिला भक्कम पुरावा मात्र कालसंकेतांचा नसून दूरध्वनीचा आहे. अटलांटिकपार बोलणें शक्य व्हावें म्हणून अमेरिकन अभियंत्यांनीं १९२३ पासून इंग्लंड-अमेरिका मार्गावर मापनें घेतलीं. एस्पेनशीड, अँडरसन व बेली यांचा त्यांवरील लेख १९२६ सालचा आहे. सेकंदास सतरा हजारांपासून साठ हजार आवर्तनांपर्यंतच्या लहरी त्यांनीं तपासल्या. चुंबकी वादळाच्या वेळीं रात्रींचें बळ पुष्कळच घटतें, आणि दिवसाचें किंचित् वाढतें, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अलिप्ततेचा समज येथेंच संपतो. शिवाय उजेड व अंधार यांच्या सीमेवरून जाणारी लहर वादळ नसतांही क्षीण होते, हेंही त्यांनीं नोंदलें. संध्याकाळीं संकेत हुकला म्हणून सौरवादळाची आवई उठविणारांनीं हें वाक्य ध्यानांत ठेवावें. याच रग्बीहून १९५० सालीं साठ हजार आवर्तनांचा स्वतंत्र कालसंकेत सुरू झाला, तेव्हां त्या पट्ट्याचा स्वभाव चोवीस वर्षें आधीं लिहून ठेवलेला होता.

यानंतर दुसऱ्या प्रकारचा क्षोभ उघडकीस आला. दिवसा लघुलहरी एकाएकीं बंद पडतात हें जर्मनींत म्योगेल यांनीं १९३० सालीं व अमेरिकेंत डेलिंजर यांनीं १९३५ सालीं दाखविलें. त्याच सुमारास फ्रान्समध्यें रोबेर ब्यूरो यांस विलक्षण गोष्ट आढळली: ज्या क्षणीं लघुलहरी मावळतात, त्याच क्षणीं दूरच्या विजांचा दीर्घलहरींवरील खडखडाट वाढतो. हें वादळ नव्हे. वादळ सूर्यावरून निघालेल्या कणांचें असतें व त्यास येण्यास बहुधा एक दिवस किंवा अधिक लागतो. सौरज्वालेचे क्षकिरण प्रकाशाबरोबर आठ मिनिटांत येतात, आणि केवळ दिवस असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर पडतात. या दोन कारणांची गल्लत अजूनही सर्रास होते.

खरी उकल केंब्रिजला झाली. तेथून रग्बी जवळच. ब्रेसवेल व स्ट्रेकर यांनीं रग्बीची १६ हजारांची लहर आकाशांतून परतून येतांना मोजली व १९४९ सालीं आपला लेख प्रसिद्ध केला. ही लहर दिवसा सुमारें सत्तर व रात्रीं नव्वद किलोमीटरांवरील विद्युद्भारित थरावरून परावर्तित होते. सौरज्वाला उठतांच तो थर कांहीं किलोमीटर खालीं येतो, लहरीची वाट आंखूड होते, आणि ती आपल्या ठरल्या क्षणाच्या किंचित् आधीं पोंचते. संकेत नाहींसा होत नाहीं, उलट लवकर येतो! नळ्यांमधून ज्वाला पाहावी तशी ती भिंतीआडून, ढगाळ दिवशींही, या लहरीनें पाहतां आली. ज्या फरकास कालमापक दोष म्हणतो, तोच सूर्याच्या अभ्यासकाचा लेख होय.

केवळ दिवसाच हें घडतें असेंही नाहीं. २३ फेब्रुवारी १९५६ च्या पहाटे, ग्रीनिच वेळेप्रमाणें साडेतीनच्या सुमारास, एक मोठी सौरज्वाला उठली. रग्बी ते अमेरिकेंतील केंब्रिज हा सबंध मार्ग त्या वेळीं अंधारांत होता, म्हणून क्षकिरणांचा तेथें संबंध नव्हता. तरी पियर्स यांना लहरीच्या आगमनांत फरक आढळला. अतिवेगवान् सौरकण रात्रींच्या बाजूसही थर खालीं ओढूं शकतात, याची ही साक्ष आहे.

आतां घरांतील घड्याळाविषयीं. १६ हजारांच्या लहरीचें एक आवर्तन सेकंदाच्या साडेबासष्ट दशलक्षांशांचें असतें. वरील बदल त्याच मापाचे. वेधशाळेस ते मोठे, भिंतीवरील घड्याळास ते नसल्यासारखे. त्या घड्याळास संकेताच्या बळाचे चढउतार मिनिटभर सलग वाचतां आले म्हणजे झालें. सूर्याचा उपद्रव त्यास होईल तो बहुधा रात्रीं, लांब मार्गावर, चुंबकी वादळांत बळ घटल्यामुळें. दुपारीं, केंद्राजवळ, स्वच्छ संकेत गमावला असेल तर भिंतींतलें लोखंड, शेजारचें विजेचें यंत्र यांची चौकशी आधीं करावी. तक्रारीस वेळ, स्थळ व मार्ग जोडलेले नसतील, आणि त्याच दिवसाची चुंबकाची वही पाहिलेली नसेल, तर तिला पुराव्याचा दर्जा देतां येत नाहीं.

रग्बीची १६ हजारांची लहर २००३ सालीं थांबली, व साठ हजारांचा कालसंकेत २००७ सालीं कंब्रिया परगण्यांतील अँथॉर्न येथें हलविण्यांत आला. नांव तेंच, आवर्तनेंही तींच. परंतु प्रत्येक ऐकणारापासूनचें अंतर व दिशा बदलली, म्हणून लहर आकाशाच्या निराळ्याच भागावरून परतते. २००७ पूर्वींच्या व नंतरच्या नोंदी, एका ठिकाणीं घेतलेल्या असल्या तरी, एकाच मालिकेंत ओंवूं नयेत.