खिडकी म्हणजे घराचा डोळा

मैत्रिणींनो, इंग्रजीतला ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. छोट्या गोल खिडकीला फ्रेंच लोक ‘बैलाचा डोळा’ म्हणतात. आपल्या ‘गवाक्ष’ शब्दातही गाय आणि डोळाच आहे.

या डोळ्यांवर सरकारांनी कर बसवला: इंग्लंडमध्ये १६९६ साली, फ्रान्समध्ये १७९८ साली. फ्रान्समध्ये तर दारंही मोजली जात. कर वाचवायला घरमालकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. भाडेकरू गरिबांच्या वाट्याला अंधार आणि कोंदट हवा आली. डॉक्टरांनी ओरड केली. इंग्लंडचा कर १८५१ साली उठला, फ्रान्सचा १९२६ साली.

आपल्याकडे कितीतरी घरांत कर नसतानाही चुलीपाशी खिडकी नसते. धूर आपणच गिळतो. घर बांधताना पहिली खिडकी तिथेच मागूया.