ओटा, दोरी आणि आत्याचं कार्ड

गेल्या महिन्यापासून आम्ही तिघी मैत्रिणी एका प्रदर्शनाच्या मागे लागलो आहोत. गावातल्या वाचनालयाचा वरचा हॉल मिळालाय. विषय आहे शरीर. चित्रं वगैरे आमची काही नाहीत. बघायला येणाऱ्यांनीच कार्डांवर लिहायचं आणि तीच कार्डं लावायची. ऐकायला झकास वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

रंगीत तालीम म्हणून घरच्या हळदीकुंकवाला चाळीस कार्डं वाटली. वर प्रश्न छापला होता, 'तुमच्या शरीराबद्दल तुम्हाला काय वाटतं?' निम्म्याहून जास्त कार्डं कोरीच परत आली. उरलेल्यांवर 'आरोग्य हीच संपत्ती' छाप सुविचार. आत्या तर सरळ म्हणाली, "अगं, शरीराबद्दल काय वाटायचंय? दुखलं की कळतं, आहे म्हणून."

हिरमुसले, आणि आपल्याआधी हे कुणी कसं केलंय ते वाचत बसले. पहिली भेटली योको ओनो. १९६४ साली क्योतोमध्ये ती मंचावर नुसती बसून राहिली, समोर कात्री. प्रेक्षकांनी एकेक करून यायचं आणि तिच्या कपड्यांचा तुकडा कापून न्यायचा. मग मरिना अब्रामोविच. १९७४, नेपल्स. टेबलावर ७२ वस्तू, त्यात गुलाब होता आणि पिस्तूलही. सहा तास लोकांनी या वस्तू तिच्यावर हव्या तशा वापरायच्या. कपडे फाडले गेले, शेवटी पिस्तूल तिच्यावरच रोखलं गेलं. वाचताना अंगावर काटा आला. पण एक गोष्ट लक्षात आली. दोन्हीकडे देह पणाला लावला तो कलाकार बाईने. प्रेक्षकाला स्वतःचं काहीच उघड करावं लागलं नाही.

मला हवी होती ती सापडली मेक्सिकोत. मोनिका मायेर, तेव्हा तिशीही न गाठलेली. १९७८ साली मेक्सिको सिटीच्या आधुनिक कला संग्रहालयात तिने चक्क कपडे वाळत घालायची दोरी मांडली. 'एल तेन्देदेरो' या नावाचा अर्थही तोच. कपड्यांऐवजी तिच्यावर गुलाबी चिठ्ठ्या. वेगवेगळ्या थरांतल्या, वयांच्या ८०० बायकांना तिने एक अर्धं वाक्य पुरं करायला सांगितलं होतं: बाई म्हणून या शहरातलं मला सगळ्यात न आवडणारं म्हणजे...

बघा, प्रश्न शहराबद्दल होता. शरीराचा उल्लेखसुद्धा नाही! आणि उत्तरं आली ती बहुतेक शरीराचीच. रस्त्यातले, बसमधले नको ते स्पर्श, शेरे, भीती. बघायला आलेल्या बायकांनीही न सांगता आपली उत्तरं त्यात जोडली. पुढे कितीतरी ठिकाणी ही दोरी पुन्हा बांधली गेली. आपल्याकडे बंगळुरात जस्मीन पाथेजा यांनी २००३ साली 'ब्लँक नॉइज' सुरू केलं, त्यांनीही पुढे बायकांकडे मागितला तो छेडछाडीच्या वेळी अंगावर असलेला कपडा. म्हणजे पुन्हा तेच. शरीराला थेट विचारलं की ते गप्प बसतं, भोवतालच्या जागेबद्दल, वस्तूबद्दल विचारलं की बोलायला लागतं.

मग आम्ही प्रश्न बदलला. 'आमच्या घरातली मला सगळ्यात त्रास देणारी जागा म्हणजे...'

आठवड्यात एकतीस कार्डं भरून आली. आत्याने लिहिलं होतं: 'ओटा. बांधला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. सासूबाई ठेंगण्या. त्यांच्या मापाच्या ओट्यावर बत्तीस वर्षं वाकून पोळ्या लाटल्या.' तिची कंबर सगळ्या घराला माहीत आहे. ओट्याबद्दल ती कधी बोलली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

एका कार्डावर होता माजघरातला कोपरा, जिथे महिन्याचे चार दिवस बसवायचे. आणि खाली बारीक अक्षरात, 'हे लावू नका.'

नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. मी ओळखलं म्हणजे निम्मं गाव ओळखेल. मेक्सिको सिटीत आठशेंत एक चिठ्ठी हरवून जाते, आमच्या गावात हरवायची सोयच नाही. दोन रात्री हाच विचार. ते कार्ड लावलं तर प्रदर्शन गाजेल, हे मनात आलं नाही असं नाही. आलं.

लहानपणी आईने दोरीवर कपडे घालायला शिकवलं ते असं: आतले कपडे मधल्या दोरीवर, वरून टॉवेल. तेव्हा या लपवाछपवीचा राग यायचा, अजूनही येतो. पण काय झाकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, एवढं तरी त्यातून घ्यावं म्हटलं. म्हणून आता कार्डावर खाली तीन चौकोन छापलेत: उघडं लावा, आम्ही आमच्या अक्षरात उतरवून लावू, लावूच नका.

ते कार्ड माझ्या कपाटात आहे. परवा 'ती' भेटली, डोळ्यांनीच विचारलं, मी मान हलवली. ती हसली.

असो. अजून दोनशे कार्डं कापायचीत, आणि दोरीला चिमटे आणायचेत. तुमच्या घरातली जागा कुठली? सांगा. लावायची की नाही, तेही सांगा.