यंग लाइफ

यंग लाइफ : हायस्कूलमधील (साधारणतः १४ ते १८ वर्षे वयाच्या) मुलामुलींशी मैत्री जोडून त्यांना येशू ख्रिस्ताची ओळख करून देणारी अमेरिकेतील आंतरपंथीय ख्रिस्ती संस्था. स्थापना १६ ऑक्टोबर १९४१, टेक्सस राज्य. मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्ज.

उगम : १९३० च्या दशकाच्या अखेरीस जिम रेबर्न (१९०९–७०) हे डॅलसमधील धर्मशास्त्राचे विद्यार्थी टेक्ससमधील गेन्सव्हिल येथे युवकांसाठी काम करीत होते. तेथील प्रेस्बिटेरियन पाळक क्लाइड केनेडी यांना चर्चमध्ये येणाऱ्या मुलांपेक्षा न येणाऱ्यांची काळजी होती. गावचे हायस्कूल हीच आपली मंडळी माना, असे त्यांनी रेबर्न यांना सुचविले. रेबर्न यांनी गाणी, लहानशी नाटुकली आणि येशूविषयी साधे बोलणे असा साप्ताहिक क्लब सुरू केला. तो विद्यार्थ्यांच्या घरी भरू लागला तशी उपस्थिती झपाट्याने वाढली. मुलांना शुभवर्तमान कंटाळवाणे वाटले तर दोष सांगणाऱ्याचा, अशी रेबर्न यांची धारणा होती. १९६४ पर्यंत संस्थेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

कार्यपद्धती : देव माणूस होऊन माणसांत राहिला, हा देहधारणाचा सिद्धांत या कामाच्या मुळाशी आहे. त्यामुळे मार्गदर्शकाने मुलांना बोलावण्याआधी स्वतः त्यांच्यात जायचे असते. ‘लीडर’ म्हटले जाणारे हे मार्गदर्शक बहुतांशी स्वयंसेवक असून त्यांत महाविद्यालयीन तरुण-तरुणी पुष्कळ असतात. मुलांच्या फुटबॉल सामन्याला जाऊन बसणे, शाळेचे नाटक पाहणे, नावे लक्षात ठेवणे, सामना हरलेल्या मुलाला पुढच्या आठवड्यात आठवणीने भेटणे, ही त्यांची खरी कामे. यालाच संस्थेत ‘संपर्ककार्य’ म्हणतात. आपले बोलणे मुलांनी ऐकावे, हा अधिकार आधी मैत्रीने मिळवावा लागतो, असे लीडरना शिकविले जाते. क्लबनंतर ज्यांना श्रद्धेविषयी अधिक जाणून घ्यायचे असते, त्यांचे लहान गट बायबलचा अभ्यास करतात. निधी व पाठबळ यांची जबाबदारी गावातील प्रौढांची समिती घेते.

उन्हाळी शिबिर हा वर्षातील मोठा टप्पा. लीडर मुलांसोबतच बसने येतो, त्यांच्याच खोलीत आठवडाभर राहतो आणि रोज रात्री त्यांच्याशी गप्पा मारतो. शिबिराच्या अखेरीकडे एका रात्री, क्रुसाविषयीचे बोलणे झाल्यावर, मुलांना बाहेर पाठविले जाते. दिवसभर गोंगाट करणारी शेकडो मुले मग पंधरावीस मिनिटे आकाशाखाली एकेकटी, निःशब्द बसतात. त्या शांततेत काय ठरवायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे.

कायद्याची चौकट : अमेरिकेतील सार्वजनिक शाळांना कोणत्याही धर्माचा पुरस्कार करता येत नाही. १९८४ च्या समान प्रवेश कायद्याने विद्यार्थ्यांना स्वतःच्या पुढाकाराने धार्मिक मंडळे चालविण्याची मुभा दिली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. मात्र अशी मंडळे बाहेरच्या व्यक्तींनी चालवायची नाहीत, असे बंधन त्यात आहे. लीडरला शाळेच्या आवारात यायचे तर शाळेची संमती लागते.

विस्तार : पूर्वमाध्यमिक विद्यार्थी, अल्पवयीन माता आणि अपंग युवक यांच्यासाठी अनुक्रमे ‘वाइल्डलाइफ’, ‘यंग लाइव्ह्ज’ व ‘कापर्णहूम’ या शाखा आहेत. संस्थेचे कार्य शंभराहून अधिक देशांत चालते.

टीका व महत्त्व : समलैंगिक स्वयंसेवकांबाबतच्या धोरणावर २०२० मध्ये अनेक माजी सदस्यांनी समाजमाध्यमांतून जाहीर टीका केली. मैत्रीवर आधारलेल्या एकूणच युवासेवेबद्दलचा मूलगामी प्रश्न धर्मशास्त्रज्ञ अँड्र्यू रूट यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात मांडला : मैत्री हे प्रभाव पाडण्याचे साधन झाले, तर ती मैत्री उरते काय? मुलाच्या सुखदुःखात सोबत राहणे हेच मुळात देहधारणाचे सार आहे, असे त्यांचे प्रतिपादन. या कार्यपद्धतीची कसोटीही तीच. शिबिराहून परतलेला मुलगा ‘मला नाही पटत’ म्हणाला, तरी त्याच्या पुढच्या सामन्याला लीडर मैदानाच्या कडेला हजर असला पाहिजे.