पेटी तीच, घडी निराळी: घरच्या व्हिडिओचा छोटा इतिहास

विषय तांत्रिक आहे, पण सुरुवात घरातून करतो. माझ्या बहिणीचं लग्न २००१ साली झालं. व्हिडिओवाल्यानं ते छोट्या डीव्ही कॅसेटवर टिपलं, संगणकावर एडिट केलं आणि दोन व्हीसीडी हातात दिल्या. कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली. आज मोठ्या टीव्हीवर ती व्हीसीडी लावली, की आजीच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसतात. आजी आता नाही. व्हिडिओवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्या काळची रीतच ती होती. ही रीत कशी पडली, ते बघू.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. एव्हीआय, एमओव्ही, एमपी-४ ही पेट्यांची नावं. पेटीत साडीची घडी कशी घातली आहे, ते सांगतो कोडेक. पेटी तीच, पण घडी निराळी असू शकते. म्हणूनच एकाकडे नीट चालणारी एव्हीआय फाइल दुसऱ्याकडे नुसता आवाज ऐकवायची. अ‍ॅपलचं क्विकटाइम १९९१ चं, मायक्रोसॉफ्टची एव्हीआय १९९२ ची. पेट्या मोजक्या होत्या, घड्या मात्र कितीतरी.

आता आकडे बघा. व्हीसीडी १९९३ साली आली. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचं चित्र मावावं, म्हणून चित्रासाठी सेकंदाला फक्त ११५० किलोबिट ठेवले. डीव्ही आलं १९९५ मध्ये, त्यात सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट, म्हणजे वीसपटीहून जास्त. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, व्हीसीडीचं ३५२ बाय २८८. म्हणजे चारातले तीन ठिपके गेले. आणि गेलेला ठिपका कुठलंही सॉफ्टवेअर खऱ्या अर्थानं परत आणत नाही. ते फार तर अंदाज करतं.

मग लोकांनी डीव्हीच का नाही ठेवलं? तासाभराचं डीव्ही म्हणजे साधारण १३ जीबी. ५६ के मोडेमवरून ते पाठवायचं, तर रात्रंदिवस चालू ठेवून तीन आठवडे लागले असते! अमेरिकेतल्या भावाला मुंज दाखवायची, तर फाइल लहान करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

२००५ साली यूट्यूब आलं आणि प्रश्न थोडा बदलला. तुम्ही कुठलीही फाइल चढवा, ते तिची फ्लॅश व्हिडिओमध्ये घडी घालणार, ३२० बाय २४० आकारात. सुरुवातीला १०० एमबीची मर्यादा होती. त्यामुळे माणसं आधी घरी फाइल आवळायची, मग यूट्यूब ती पुन्हा आवळायचं. चुरगळलेल्या घडीवर दुसरी घडी!

पण २००७ चा आयफोन फ्लॅश चालवत नव्हता. त्याच्यासाठी यूट्यूबनं जुने व्हिडिओ एच.२६४ मध्ये नव्यानं बदलायला घेतले. २००३ मध्ये मंजूर झालेली ही घडी जुन्या एमपेग-२ च्या साधारण निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र बसवते. इथे एक धडा मिळतो. नवी प्रत निघते ती चढवलेल्या फाइलवरून. चांगली फाइल दिली असेल, तर चित्र सुधारायला वाव. आधीच पिळून दिली असेल, तर वावच नाही. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. एच.२६४ एमपी-४ पेटीत बसून आजही जवळपास सगळीकडे चालतं.

त्यानंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आलं, २०१८ मध्ये एव्ही-१. अजून येतील. म्हणून ‘सगळ्यात चांगला फॉरमॅट कोणता?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. तो कुणासाठी, हे आधी विचारा. काकूंच्या फोनसाठी एमपी-४ आणि एच.२६४ डोळे झाकून निवडा. यूट्यूबला जमेल तितकी कमी आवळलेली फाइल द्या. आणि नातवंडांसाठी कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि एडिटची मोठी प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवून मूळ पुसून टाकणं म्हणजे आजची कॅसेट पुढच्या लग्नाला वापरणंच आहे.

वाटायची प्रत लहान असू द्या, जपायची नको. आमच्याकडे वाटायची प्रत तेवढी उरली.